बंधाऱ्याच्या उत्तरेला

तेंकपाडीच्या किनाऱ्यावरच्या दगडी बंधाऱ्याला सरकारदरबारी काय नाव होतं कोण जाणे, गावात त्याला 'शीनप्पाचा बंधारा' म्हणत. म्हणायला कारणही होतं. समुद्राने एकामागून एक माडांच्या रांगा गिळल्या, मग जाळी वाळवायची पुळण गिळली, शेवटी ऐन आषाढात बोब्बर्याचं, दर्यावर राखण करणाऱ्या दैवताचं, देऊळसुद्धा पाण्यात बसलं. तेव्हा बाकीचे कपाळाला हात लावून बसले आणि शीनप्पा साल्यान एकटा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, बंगळूरला गेला. एकदा तर मंत्र्याच्या गाडीपुढे आडवा पडला. पोलिसांनी उचलून बाजूला ठेवलं तर म्हणाला, "आज तुम्ही उचलताय, उद्या समुद्र उचलेल. तुमचे हात तरी मऊ आहेत." लग्नाच्या पंगतीत, होडी ओढताना, ताडीच्या दुकानात ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती, की ती घडली तेव्हा न जन्मलेली पोरंही आता डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत. शेवटी एकदाचे काळे दगड भरून ट्रक आले, बंधारा उभा राहिला, आणि तेंकपाडीच्या अंगणात पाणी शिरायचं थांबलं.

शीनप्पाने लग्न केलं नव्हतं. तसंही तिथल्या मच्छीमारांत घर चालतं ते आईच्या बाजूने. बहिणीची मुलं तीच आपली. बहीण गिरिजा तरणीताठी असताना विधवा झाली आणि तिच्या दोन मुली, जलजा आणि वारिजा, मामाच्याच सावलीत वाढल्या. जलजाचं डोकं शाळेत कधी रमलं नाही. मासळीबाजारात मात्र ती टोपलीपुढे बसली की भल्याभल्या गिऱ्हाइकांची बोबडी वळायची. तिचं लग्न खाडीपलीकडे, बडगपाडीच्या भास्कर कोटियानशी झालं. अलीकडे दक्षिणेला तेंकपाडी, पलीकडे उत्तरेला बडगपाडी. वारा पडलेला असला तर इकडून मारलेली हाक तिकडे ऐकू जाते, एवढंच अंतर.

धाकटी वारिजा मात्र शिकली. स्थापत्य अभियंता झाली, मंगळूरला एका ठेकेदाराकडे लागली, आणि सिमेंटची पोती आली किती नि गेली किती एवढंच बघण्यात कंटाळून गेली. अशात एका रविवारी शीनप्पा वर्तमानपत्र घेऊन तिच्यापुढे येऊन बसला.

"हे वाच."

तांत्रिक विद्यापीठात विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पीएचडीसाठी जागा निघाल्या होत्या. विषयांच्या यादीत एक होता, किनाऱ्याची धूप.

"मामा, चार-पाच वर्षं जातील त्यात."

"जाऊ देत. तू काय केळ्याचा घड आहेस, पिकून सडायला?"

"आणि माझं लग्न लावायचं म्हणून अम्मा मागे लागलीय ते?"

"तिला मी बघतो. अगं, मी दगड मागायला गेलो तेव्हा तो साहेब मला म्हणाला, तू कोण? म्हटलं, मच्छीमार. तर म्हणाला, मग मासे धर. तू गेलीस आणि डॉक्टर वारिजा म्हणून कार्ड टाकलंस, तर खुर्ची देईल की नाही? आपला बंधारा अर्धवट आहे. खाडीच्या तोंडाशी थांबलाय. तो पुढे बडगपाडीपर्यंत न्यायला हवा. अक्का आहे ना तुझी तिथे."

मुलाखतीला तो तिच्याबरोबर गेला. निवडसमितीवर होते प्राध्यापक उडुप, किनारपट्टीच्या अभ्यासात नाव असलेले. शीनप्पा बाहेर व्हरांड्यात मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिला. मुलाखत संपवून वारिजा बाहेर आली, मागून उडुप सर आले, तसा तो उठला आणि पिशवी त्यांच्या हातात देत म्हणाला, "घरचे सुके बांगडे आहेत सर. वाळू लागलेली नाही."

वारिजाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. उडुप म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे भट, कांदाही बेताने खाणारे. सरांनी पिशवी दोन बोटांनी धरली, वास नाकात गेला तरी चेहरा हलू दिला नाही, आणि म्हणाले, "आमचा शिपाई फार खूश होईल हो." मग वारिजाकडे वळून, "मुली, सोमवारपासून ये."

परतीच्या बसमध्ये शीनप्पा म्हणाला, "माणूस चांगला आहे. आपल्यातला असता तर आणखी चांगला असता."

---

काम तसं साधं दिसणारं. दोन्ही पाड्यांच्या किनाऱ्यावर ठराविक जागी खुणेचे खांब रोवायचे, दर महिन्याला दुर्बीण आणि मापाचा दांडा घेऊन जायचं, पुळण कुठे चढली, कुठे उतरली, पाण्याची रेघ कुठे आली ते मोजायचं. वाळूचे नमुने चाळायचे, लाटांची उंची नोंदवायची, मग विद्यापीठात येऊन ते सगळं संगणकात घालायचं. तेंकपाडीतले म्हातारे बंधाऱ्यावर बसून तिची थट्टा करत. "वारिजा, समुद्राला सदरा शिवतेस की काय? घे, घे, छातीचं माप नीट घे!"

बडगपाडीच्या बाजूचं काम असलं की ती दुपारी जलजाकडे जेवायला थांबायची. जलजाचं घर नवंकोरं होतं. भास्करने ट्रॉलरवर राबून, एकेक खोली वाढवत बांधलेलं, पुढे निळी ओटी, मागे तुळस आणि दोन माड. जलजा उकड्या तांदळाची पेज आणि मिरचीत घोटलेली तारली वाढायची नि स्वतः समोर बसून बोलत राहायची.

"तुझ्या त्या विद्यापीठात सगळे इंग्रजीतच बोलतात?"

"बहुतेक."

"आणि भांडतात कशात?"

"भांडत नाहीत गं. मेल पाठवतात."

जलजा खो-खो हसायची. "मग कसली मजा! आमच्या बाजारात ये एकदा. तुझे ते सर पळून जातील."

पहिल्या पावसाळ्यानंतर वारिजाने दोन्ही किनाऱ्यांच्या मापांचे आलेख एकाखाली एक लावले आणि बघत बसली. तेंकपाडीत रेघ जागच्या जागी. बडगपाडीत मात्र पुळण पावसाळ्यात उतरली ती उतरलीच. दरवर्षी दिवाळीनंतर समुद्र नेलेली वाळू परत आणून टाकतो, तशी ती आली नव्हती. तिने जुने सरकारी नकाशे आणि उपग्रहाची चित्रं काढली. बंधाऱ्याआधी बडगपाडीचा किनारा वर्षानुवर्षं थोडा मागे, थोडा पुढे होत राहिलेला. तो एकाच दिशेने मागे सरू लागला होता बंधाऱ्यानंतर.

ती उडुप सरांकडे गेली. सरांनी चष्मा पुसला, चित्रं पाहिली, पुन्हा पुसला.

"दुर्बिणीचा दोष?"

"तपासलं सर. दुसरी घेऊन पुन्हा मोजलं."

"हं." सरांनी चित्रावर तेंकपाडीच्या खाली बोट ठेवलं. "या पट्ट्यात वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाते. तुझ्या मामांच्या दगडांवर लाट आपटते, पायथ्याची वाळू ओढून खोल नेते. मागची किनाऱ्याची वाळू दगडाखाली अडकून बसते. उत्तरेला मग काय पोचणार? आणि जिथे दगड संपतात तिथे लाट वळून मऊ जागेवर तुटून पडते. हे पुस्तकात आहे. पण या किनाऱ्यावर हेच घडतंय का, हे अजून आपल्याला माहीत नाही. तो पाऊसही मोठा होता. एका पावसाळ्यावर कोणी काही ठरवत नाही."

"किती लागतील सर?"

"आणखी दोन तरी."

"तिथे माझी अक्का राहते."

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "तुला दुसरा किनारा हवा असेल तर मी बदलून देईन. कोणी काही विचारणार नाही."

"नको सर."

"मग मी बंदर खात्याला एक पत्र लिहितो. प्राथमिक निष्कर्ष म्हणून."

त्यांनी लिहिलं. खात्याचं उत्तर आलं, मोठं सभ्य उत्तर. अंतिम अहवाल झाला की अवश्य पाठवावा.

त्या आठवड्यात वारिजा जलजाकडे गेली. भास्कर घरीच होता, ओटीवर जाळं विणत.

"अक्का, भावजी, एक सांगू? पुढच्या पावसाच्या आधी आतल्या बाजूला कुठे खोली बघून ठेवाल का?"

"का गं?" जलजाने विचारलं.

"पुळण कमी होतेय तुमच्या इथली. कदाचित पाणी घरापर्यंत येईल."

भास्करने जाळ्यातून मान वर केली. "कदाचित म्हणजे? येईल की नाही येईल?"

"अजून नक्की सांगता येत नाही. आणखी मापं घ्यावी लागतील."

"हां. मग घे." तो पुन्हा गाठी मारू लागला. "माझ्या आजोबांपासून समुद्र येतो नि जातो. कदाचितसाठी घर सोडलं तर गाव हसेल."

जलजा तिला पोचवायला फाट्यापर्यंत आली. "मामांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

वारिजाने इकडेतिकडे पाहिलं. बंधाऱ्याचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. "नक्की झालं की सांगेन," ती म्हणाली.

---

पुढच्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या आधी, अमावास्येच्या उधाणाला भरदुपारी बडगपाडीतून हाका ऐकू आल्या. वारिजा तेंकपाडीतच होती, मापं घ्यायला आलेली. ती आणि शीनप्पा खाडीच्या पुलावरून धावत पोचले तोवर पुढचा माड आडवा झाला होता. लाट यायची, ओटीखालून आत शिरायची, जाताना मूठभर माती घेऊन जायची. घाई नव्हती तिला. गावातले गडी सांडणीसारखे पळत पोती भरून टाकत होते आणि लाट ती पोती शेंगदाण्याच्या पुड्यांसारखी उचलून नेत होती. जलजाने भांडी काढली, कपाट काढलं, देवाची तसबीर काढली. टीव्ही काढताना भास्करचा पाय घसरला आणि तो टीव्हीसकट चिखलात बसला; कोणी हसलं नाही. मग ओटीची निळी भिंत आधी वाकली आणि हळूच, म्हातारं माणूस बसावं तशी, खाली बसली. तिच्यामागे स्वयंपाकघर गेलं.

शीनप्पा गुडघाभर पाण्यात उभा राहून समुद्राकडे बघत ओरडत होता. "बंधारा हवा होता! इथेही बंधारा हवा होता! मी सांगत होतो, सांगत होतो मी!"

वारिजा त्याच्या मागे उभी होती. तिच्या हातात मापाचा दांडा तसाच होता. कधी आणि का उचलून आणला हे तिला कळलं नाही. शेजारच्या एका बाईने तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

भास्कर आणि जलजा मग आत, बर्फाच्या कारखान्याशेजारी, एका भाड्याच्या खोलीत राहायला गेले. भास्कर गुजरातच्या बाजूला मोठ्या बोटीवर निघून गेला. दिवाळीला येतो म्हणाला, आला नाही. फोन येत राहिला. जलजा बाजारात बसायची तशी बसू लागली, पण गिऱ्हाइकाशी घासाघीस करेनाशी झाली. मागतील त्या भावाला देऊन टाकायची.

आणि शीनप्पा? त्याने पुन्हा कचेऱ्या धरल्या. वय झालं होतं, गुडघे दुखत होते, तरी बडगपाडीच्या लोकांना गोळा करून तो जिल्ह्याला जायचा. बंधारा वाढवा. भाचीच्या पडक्या घराचा फोटो काढून त्याने मोठा करून घेतला होता, तो प्रत्येक साहेबासमोर ठेवायचा. वारिजाला म्हणायचा, "लवकर कर गं ते तुझं पुस्तक. साहेब म्हणतो, शास्त्रीय आधार द्या. म्हटलं, आधार आमच्या घरातच तयार होतोय."

ती हो म्हणायची. प्रयोगशाळेत जायची. तिसरा पावसाळा आला, गेला, आणि मापांनी तेच सांगितलं. आता शंकेला जागा उरली नव्हती. प्रबंधात तिने लिहिलं ते असं: बडगपाडीची धूप बंधाऱ्यामुळे आहे, बंधारा पुढे वाढवला तर धूपही पुढच्या गावी सरकेल, उपाय एकच, उत्तरेकडचे दगड काढून बाहेरून वाळू आणून भरावी आणि किनाऱ्याजवळची वस्ती टप्प्याटप्प्याने आत न्यावी. लिहून झालं तेव्हा ती खुर्चीत बसून रडली. उडुप सर दारात येऊन उभे राहिले, परत गेले, आणि थोड्या वेळाने शिपायाकरवी कॉफी पाठवली.

---

तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. शीनप्पा येणार हे तिला ठाऊक होतं. गावातले आठ-दहा जण घेऊन, इस्त्रीचं पांढरं धोतर नेसून, मोगऱ्याचा हार पळसाच्या पानांत गुंडाळून तो पहिल्या रांगेत येऊन बसला. गिरिजाही आली होती. जलजा नव्हती आली. बाजार आहे म्हणाली.

वारिजा इंग्रजीत बोलली. पडद्यावर तेंकपाडी आली, बडगपाडी आली, तसे गावकरी एकमेकांना कोपरं मारू लागले. "ते बघ आपलं देऊळ होतं ती जागा." "ते कोटियानचं घर, होतं तेव्हाचं." शेवटी मद्रासहून आलेले परीक्षक पुढे झुकले. शांत, बुटका माणूस. त्यांनी विचारलं, उत्तरेच्या गावाचा किनारा नेमका कशामुळे गेला, एका वाक्यात सांगाल का?

ती थांबली. पहिल्या रांगेत मामा हनुवटी वर करून, कौतुकाने तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला यातला शब्द कळणार नव्हता. तिने ते एक वाक्य इंग्रजीत म्हटलं. परीक्षकांनी मान हलवली, लिहून घेतलं. सगळ्यांना थोडा वेळ बाहेर बसवलं, मग आत बोलावून उडुप सरांनी कानडीत जाहीर केलं, की वारिजा साल्यान यांना पीएचडी देण्याची शिफारस झाली आहे. टाळ्या पडल्या. शीनप्पाने हार तिच्या गळ्यात घातला आणि वाकून तिच्याच पाया पडायला निघाला, तिने त्याला धरलं.

"काय करताय मामा!"

"डॉक्टर आहेस तू. आमच्या कुळात पहिली."

कँटीनमध्ये सगळ्यांना बन्स आणि चहा झाला. गावकरी बाहेर फोटो काढायला गेले. मामा टेबलाशी बसून राहिला.

"एक विचारू? तो बुटका साहेब काहीतरी म्हणाला आणि तू थांबलीस. भ्यायलीस?"

"नाही."

"मग?"

तिने हार काढून टेबलावर ठेवला. "त्यांनी विचारलं, बडगपाडी कशाने गेली."

"मग त्यात थांबायचं काय? बंधारा नव्हता म्हणून गेली."

"नाही मामा." तिने घोटभर पाणी प्यायलं. "आपल्या बंधाऱ्याने गेली. आपली वाळू पुढे जायची ती जाईना. समुद्राला आपल्याकडे काही मिळेना, तो तिकडे गेला."

शीनप्पाने आधी हसायचा प्रयत्न केला. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. खूप वर्षं समुद्रावर गेलेला माणूस आभाळाकडे बघतो, तसं पाहिलं.

"हे खरं आहे? तुझ्या मापांत आहे?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे जलजाचं घर..." हात टेबलावर पसरून तो आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या पावसाळ्यानंतर शंका आली होती. खात्री आत्ता झाली."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मग मी दोन वर्षं तिच्या पडक्या घराचा फोटो दाखवत फिरलो," तो म्हणाला, "आणखी दगड मागायला."

---

पुढच्या अमावास्येला, होड्या बंद असतात तेव्हा, तेंकपाडीची बैठक भरली. शीनप्पा उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, जसं वारिजाने समजावलं होतं तसंच. बंधारा वाढवायचा अर्ज मागे घ्यावा, आणि आपल्या उत्तरेकडचे दगड काढावेत, असंही म्हणाला.

आधी कोणाला कळेना तो थट्टा करतोय की काय. मग आरडाओरडा झाला. "म्हातारपण आलं याला!" "दगड काढा म्हणे! मग आमची घरं कोणाच्या घशात घालायची?" बडगपाडीहून आलेले दोघे-तिघे तर जास्तच भडकले. "तुम्हाला बंधारा मिळाला, आता आमची पाळी आली तर शास्त्र आठवलं होय?" शीनप्पाचा जुना सोबती वासू कर्केरा, मंत्र्याच्या गाडीची गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगणारा, उठून म्हणाला, "शीनप्पा, आम्हाला जगवलंस ते खरं. आता मारायला निघालास. पोरीच्या एका पुस्तकासाठी." आणि बाहेर निघून गेला.

वारिजा बायकांच्या बाजूला बसली होती. तिला बोलू द्या, असं कोणी म्हणालं नाही. तीही उठली नाही. नंतर तिने खात्याला प्रबंधाची प्रत पाठवली, दोनदा जाऊन साहेबाला भेटली. साहेबाने खरोखरच खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण लोक दगड मागतात. वाळू कोणी मागत नाही." बंधारा वाढवायच्या कामाला मंजुरी मिळाली. बडगपाडीच्या फाट्यावर अभिनंदनाचा फलक लागला, त्यावर आमदाराखाली बारीक अक्षरात 'डॉ. वारिजा साल्यान यांच्या संशोधनामुळे' असंही छापलं होतं. कोणी छापलं, कळलं नाही. तिने दोन पोरांना सांगून तो फलक उतरवायला लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला.

शीनप्पा घर सोडून जलजाच्या खोलीवर राहायला गेला. घरचा कर्ता पुरुष असा भाचीच्या भाड्याच्या खोलीत जाऊन राहतो, ही तोंडात बोट घालायची गोष्ट. गिरिजा रडली, भांडली, तो म्हणाला, "तिथे समुद्र दिसत नाही. मला तेवढंच हवंय." दिवसभर दारात बसून फाटकी जाळी शिवायचा. जलजा बाजारातून आली की तिच्या टोपल्या तोच धुवायचा, तिने नको म्हटलं तरी.

वारिजाला विद्यापीठातच शिकवायची नोकरी लागली. रविवारी ती खोलीवर जायची. एकदा जलजा आणि ती नळावर भांडी घासत होत्या. जलजा मान वर न करता म्हणाली, "तू तेव्हा कदाचित म्हणाली होतीस. आठवतं?"

"आठवतं."

"ओरडून सांगितलं असतंस तर? खोटंच, की नक्की म्हणून?"

"खोटं कसं सांगणार अक्का? तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं."

जलजाने कढई पालथी घातली. "ते कळतं मला. म्हणून तर तुझ्यावर रागावता येत नाही. कोणावर रागावू, ते सांग. मामांवर? समुद्रावर?" आणि थोड्या वेळाने, "भावजी तुझे पाडव्यालाही येत नाहीत म्हणतात."

नवे दगड बडगपाडीत पडले त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका रविवारी दारात चार माणसं आली. आणखी उत्तरेच्या कोडीपाडीची. चपला बाहेर काढून, संकोचत उभी राहिली. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "शीनप्पा साल्यान आपणच ना? आमचे माड जायला लागलेत. लोक म्हणतात, बंधारा कसा मिळवायचा ते तुम्हाला विचारावं. तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही."

शीनप्पाच्या हातातली सुई थांबली. त्याने वारिजाकडे पाहिलं. "यांना सांग."

वारिजाने सांगितलं. साध्या तुळूत, बोटाने फरशीवर किनारा काढून, वाळू कशी चालते, कुठे अडते, नवे दगड जिथे संपले तिथून पुढे काय होतं. कुठेही न अडखळता सांगितलं. ती माणसं मान डोलावत ऐकत होती. जलजाने केलेला चहा त्यांनी आदराने प्यायला. शेवटी म्हातारा म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. खरंच असणार. पण आम्ही जायचं कुठे? आत आमची वीतभर जमीन नाही." मग तो जरा पुढे सरकून शीनप्पाकडे वळला. "अर्ज आधी तालुक्याला द्यायचा की सरळ जिल्ह्याला?"

शीनप्पाने जाळं मांडीवर ओढून घेतलं. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली, हात जोडले, आणि ते चौघे आले तसे गेले. गल्लीच्या टोकाला बर्फाच्या गाडीने त्यांना अडवलं, ती जाईपर्यंत ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

जलजाने कपबश्या उचलल्या. शीनप्पाने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमेना, तसा तो वारिजाच्या पुढे धरला. तिने ओवून दिला.

"कोडीपाडीची घरं पाण्यापासून किती लांब असतील गं?" त्याने विचारलं.

तिला ते माहीत होतं. गेल्याच महिन्यात ती विद्यार्थ्यांना घेऊन तिथे मोजून आली होती. तिने सांगितलं. तो जाळ्याचं फाटलेलं टोक शोधू लागला.